पन्नास नंबरचं ऊन

अकोल्याच्या माणसाला उन्हाबद्दल दुसऱ्या कुणी काही शिकवावं, हे मला कधी पटलं नसतं. आमच्याकडे मे महिन्यात अकरा वाजले की रस्ते ओस पडतात, दुकानदार अर्धं शटर ओढून पंख्याखाली आडवे होतात आणि ज्याला बाहेर पडणं भागच आहे तो डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि पोटात ताक घेऊन पडतो. त्यात मी सत्तावीस वर्षं नवऱ्याबरोबर आमच्या मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिलेली. म्हणजे ऊनही पाठ आणि उन्हावरच्या ट्यूबाही पाठ. एवढी शहाणी बाई गेल्या मे महिन्यात सहा दिवस पिंपरीतल्या रहाटणीला जाऊन आली आणि तिचा शहाणपणा बराचसा तिकडेच राहिला.

जायचं कारण धाकट्या बहिणीचा, शालूचा फोन. "ताई, तू ये. प्रज्ञाला सांग नोकरी सोड म्हणून. तुझं ऐकते ती." प्रज्ञा ही शालूची एकुलती एक लेक, सव्वीस वर्षांची. चाकणला गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या रंगखात्यात, म्हणजे त्यांच्या भाषेत पेंट शॉपमध्ये, रंगवलेल्या गाड्या तपासायच्या कामावर आहे. तिला दहावीपासून कोड आहे. मानेवर आणि दोन्ही हातांच्या पंजांवर पांढरे डाग. वर्षभर ती सांगवीच्या एका डॉक्टरबाईंकडे उपचार घेत होती, मानेवरच्या डागात रंग परत यायला लागला होता, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी ते डाग उन्हात भाजले. उपचार थांबले. चाकणची ही रोजची ये-जा आहे तोवर हे असंच होणार, असं शालूचं म्हणणं. मलाही ते पटलं आणि पोरीला समजवायचं ठरवून मी निघाले.

रहाटणी, बुधवार

पहिलं नवल हवेचं. अकोल्यात पारा चव्वेचाळीस होता, इथं अडतीस, आणि वर वारा. भर साडेबाराला बायका उघड्या डोक्यानं भाजी निवडत होत्या, एकजण तर रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून निवांत फोनवर भांडत होता. मी सवयीनं डोकं-तोंड दुपट्ट्यानं गुंडाळून रिक्षातून उतरले, तर सोसायटीचा वॉचमन मला आत सोडायला तयार होईना. "आधी तोंड दाखवा मावशी," म्हणाला. तोंड दाखवलं तेव्हा कुठे गेट उघडलं.

शालूचे यजमान गौतमराव दारातच उभे होते. पिंपरीतच वाढलेले, तीस वर्षं कारखान्यात पत्रा वाकवून आता निवृत्त झालेले. "जय भीम ताई! तुमच्याकडचं ऊन सोबत आणलं नाही ना?" मी म्हटलं, "जय भीम. आणायची गरज नाही, तुमच्याकडे आहे ते काही ऊनच नव्हे."

यावर आतून प्रज्ञा आली. माझ्यासाठी तिनं सुट्टी टाकली होती. तिनं फोन माझ्यापुढं धरला. ऊन किती भाजतं ते दाखवणारा एक आकडा असतो त्यात, यूव्ही इंडेक्स म्हणतात. रहाटणी, अकरा. मग तिनं अकोला टाकलं. तिथंही अकराच. "तापमान वेगळं मावशी आणि हे वेगळं. वारा सुटला की गरम होत नाही, पण कातडी तेवढीच भाजते." मी दोनदा बघितलं. आम्हा अकोल्याच्या लोकांना गरम होतं म्हणून आम्ही झाकून घेतो आणि चुकून वाचतो. इथल्या लोकांना वारा लागतो, ते फसतात. साठी जवळ आली तरी चटका आणि भाजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग तिचे हात बघितले. पंजांवरचे डाग गुलाबी-लाल होऊन सोलवटलेले. मानेच्या डागात मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटले होते, त्यांचे फोटो तिनं मला मार्चमध्ये पाठवले होते. ते ठिपके आता दिसत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

"झालं कसं?" मी विचारलं.

"सेकंड शिफ्ट होती. दीड-दोनच्या सुमाराला कंपनीची बस मोशीच्या पुढं पंक्चर झाली. दुसरी येईपर्यंत सव्वा तास. सावली म्हणजे एका फ्लेक्सची, दोघी-तिघींपुरती. आमच्यातली एक पोटुशी आहे, तिला मी माझी जागा दिली." मग म्हणाली, "मला काय, मी पन्नासचं लावलं होतं ना."

पन्नास म्हणजे एसपीएफ पन्नासचं सनस्क्रीन. ते तिला मीच सांगितलं होतं, फोनवर, फेब्रुवारीत. नुसतं सांगितलं नव्हतं, गणित घालून दिलं होतं. "तुझा डाग पाच मिनिटांत लाल होतो ना? मग पाच पन्ने अडीचशे. अडीचशे मिनिटं तू बिनघोर." काउंटरवर हे गणित मी शेकडो लोकांना ऐकवलं आहे. जेवायला बसल्यावर शालूनं मला डोळ्यानं खुणावलं, आता बोल नोकरीचं म्हणून. मी भाकरीत डोकं घातलं.

रहाटणी, गुरुवार

प्रज्ञा पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेली. आपलं गणित चुकलं असेल हे मान्य करायच्या आधी माणूस सगळ्या जगावर संशय घेतो, तसा मी घेतला. ट्यूब नकली असणार. खोका, बॅच नंबर, मुदत, झाकणाखालचं सील, सगळं चष्मा लावून तपासलं. अस्सल निघाली. मग ती कशी पसरते ते बघायला चेहऱ्यावर चांगली थापली. तेवढ्यात गौतमराव मिसळ घेऊन आले आणि दारातच थबकले. "काय राव ताई, घर रंगवायला काढलंय का?"

मिसळ मात्र झकास होती. आमच्याकडे पोह्यांवर तर्री घेतात, इथं मटकी-फरसाणावर लाल कट ओततात आणि वर पाव. डोळ्यांतून पाणी आलं ते कटानं की सनस्क्रीन डोळ्यांत गेल्यानं, ते कळलं नाही. शालू म्हणाली, "तू तिच्याशी बोलली नाहीस." मी म्हटलं, उद्या चाकण बघून येते आणि मग बोलते. शुक्रवारी कंपनीत घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस होता. शालू दरवेळी टाळते. यंदा तिच्या पासावर मी गेले.

चाकण, शुक्रवार

सकाळची बस भोसरी-मोशी ओलांडून चाकणच्या ट्रकांत शिरली. दोन्ही बाजूंना कंटेनर, मधेच कांद्याचा टेम्पो, पत्र्याच्या शेडमागे एखादं हिरवं शेत आणि लगेच दुसरी शेड. ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "पोरी, सोडून दे ना हे. रहाटणीतच काहीतरी मिळेल."

ती खिडकीबाहेर बघत बोलली. "मावशी, दहावीपासून कॉलेज संपेपर्यंत मी स्कार्फ आणि हातमोज्यांशिवाय घराबाहेर पडले नाही. उन्हासाठी नाही. आई म्हणायची झाक, म्हणून. इथं लागले आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना सारखे सूट दिले, टोपीपासून बुटापर्यंत पांढरे. रंगात धूळ जाऊ नये म्हणून असतात ते. शंभर माणसं झाकलेली. मग माझं झाकणं झाकणं राहिलंच नाही. महिनाभरानं घरी येताना स्कार्फ बॅगेतच राहिला, तो परत काढला नाही. ही जागा सोडली ना, की मी परत त्या स्कार्फात जाईन. आईला तेच पाहिजे, फक्त ती तसं म्हणत नाही."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पेंट शॉपच्या दारात माझी फजिती झाली. सकाळी निघताना मी पुन्हा सनस्क्रीन थापलं होतं, भाचीला धीर म्हणून. तिथले सुपरवायझर पाटील सर माझ्याकडे बघून कसनुसे हसले आणि भिंतीवरच्या पाटीकडे त्यांनी बोट केलं: तेल, क्रीम, पावडर, सेंट लावून आत येऊ नये. "मावशी, राग मानू नका, पण धुवून यावं लागेल. या क्रीमात सिलिकॉन असतं. त्याचा कण जरी रंगात पडला तरी रंग तिथून बाजूला सरतो, खड्डा पडतो. एका माणसाच्या क्रीमपायी अख्ख्या गाड्या परत रंगवायला लागतात." मी साबणानं दोनदा तोंड धुतलं. सोबतच्या एका आजोबांचं डोक्याचं खोबरेल तेलही निघालं, ते फार नाराज झाले.

तोंड धुताना मला एक गोष्ट लख्ख कळली. म्हणजे प्रज्ञानं दुपारी निघताना लावायचं ते इथं पोचल्यावर धुवायचंच. मी विचारलं तर म्हणाली, "म्हणून तर कमी लावते, धुताना लवकर निघावं म्हणून. आणि जाड लावायची हिंमतच होत नाही गं. इथं जाड थर म्हणजे ओघळ आणि ओघळ म्हणजे रिजेक्ट. हाताला सवय झाली." आणि तिनं करंगळीच्या टोकावर मटाराच्या दाण्याएवढं दाखवलं. तेवढ्यात मान आणि दोन्ही हात.

आत काचेपलीकडे यंत्राचे हात गाडीवर रंग फवारत होते. पलीकडे ट्यूबलाइटच्या कमानीखाली पांढऱ्या सुटातली माणसं एकेका गाडीवरून हात न लावता नजर फिरवत होती. आम्हा पाहुण्यांसाठी टेबलावर एक रंगवलेलं दार ठेवलं होतं आणि ते समजवायचं काम प्रज्ञाकडे होतं. तिनं मुठीत मावेल असं यंत्र दारावर टेकवलं. लगेच त्यावर आकडा आला. रंगाच्या थराची जाडी. सगळे थर मिळून एखाद्या केसाएवढे भरतात, म्हणाली.

कुणीतरी विचारलं, "एवढ्याशा फरकानं काय होतं?"

"खूप होतं काका," ती पाठ केल्यासारखं सांगायला लागली. "वरचा हा पारदर्शक थर उन्हाला अडवतो. गाडीला इतकी वर्षं काही होणार नाही असं कंपनी सांगते, ते या जाडीला सांगते. माल तोच, डबा तोच, पण थर पातळ बसला तर ती गॅरंटी..."

आणि ती थांबली. यंत्र दारावर तसंच टेकवलेलं. तिनं आपल्या पंजाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाहुण्यांना वाटलं ती पुढचं विसरली. पाटील सरांनी वाक्य पुरं केलं आणि सगळे पुढच्या काचेकडे गेले. आम्ही दोघी मागं राहिलो.

"मावशी," ती हळू म्हणाली, "मी रोज पातळ थराच्या गाड्या परत पाठवते."

कँटीनचं जेवण चांगलं होतं म्हणे. भात, आमटी, जिलबी. मला आठवत नाही.

सांगवी, शनिवार

डॉक्टरबाई चाळिशीच्या आतबाहेर, बोलायला मोकळ्या. शालूही सोबत होती. प्रज्ञानं दाराची आणि थराची गोष्ट सांगितली तशा त्या खूश झाल्या. "अगदी तसंच. ट्यूबवरचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो, तिथं ठरलेला जाड थर लावतात. चेहरा आणि मान एवढ्यालाच दोन बोटं भरून लागतं. निम्मं लावलं तर निम्मं संरक्षण मिळेल असंही नाही, त्याहून खाली जाऊ शकतं. तू लावत होतीस त्यात पन्नासचं किती उरलं असेल, विचार कर. वर घाम, पुसणं. दोन तासांनी परत लावायचं ते वेगळंच."

"पण मग शंभरचं लावलं तर?" शालूनं विचारलं.

"अहो, नीट लावलं तर तीस नंबर तिसातला एक वाटा आत सोडतं, पन्नास नंबर पन्नासातला एक. शंभर वाट्यांत तीन आणि दोन, शंभर नंबरला एक, एवढाच फरक. आकडा वाढवून काही मोठं हाती लागत नाही. आणि या आकड्याला मिनिटांनी गुणणारे लोक असतात ना..."

"ती मीच," मी म्हटलं. "पाच पन्ने अडीचशे हे मी सांगितलं हिला. त्या भरवशावर ही उन्हात उभी राहिली. चूक हिची नाही, बसची नाही, नोकरीची तर नाहीच. माझी आहे." बोलताना रडू आलं. प्रज्ञा म्हणाली, "मावशी, काऊन रडतेस?" आमच्याकडचा शब्द तिनं मुद्दाम वापरला, मला हसवायला. मी हसले नाही.

डॉक्टरबाईंनी मला पाणी दिलं. मग शेजारच्या खोलीत नेलं. तिथं माणूस उभा मावेल अशी एक पेटी होती, आतून चारी बाजूंनी ट्यूबलाइटसारख्या नळ्या. प्रज्ञाचा उपचार तो हाच. याच नळ्यांतून उन्हातलाच एक निवडक भाग अंगावर घेतात, त्यानं डागात रंग परत येतो. मला हे फार नवलाचं वाटलं. म्हणजे जे भाजतं तेच बरं करतं? "मापात असेल तर," बाई म्हणाल्या. "इथं मी सेकंदांनी सुरू करते, सोसलं तर दर खेपेला थोडं वाढवते. बाहेर कोण मोजणार? सकाळी आठचं ऊन आणि दुपारी एकचं ऊन, घड्याळात दोन्ही पाव तास, पण कातडीच्या हिशेबात एक नाही. म्हणून मिनिटांचं गणित खोटं पडतं."

मग त्यांनी भिंगातून प्रज्ञाची मान बघितली. बराच वेळ. "दोन ठिपके दिसतायत परत," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात सुरू करू, अगदी कमीपासून. पण पुन्हा भाजलं तर मला थांबवावं लागेल आणि कदाचित डाग वाढेलही, तेवढं लक्षात ठेव."

"मग नोकरी?" शालू म्हणाली.

"नोकरी ट्यूबलाइटखाली आहे. ऊन रस्त्यावर आहे. घरी बसली तरी भाजी आणायला जाणारच ना? आधी सावली शोधायची, मग कापड, आणि जे उघडं राहील तिथं क्रीम. कंपनीत क्रीम चालत नाही, तर हिच्यासाठी कापडच बरं. कामावर जाता-येता स्कार्फ, हातमोजे, छत्री."

स्कार्फ म्हटल्याबरोबर प्रज्ञाचा चेहरा पडला. परतताना रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली. शालू मात्र खुशीत होती.

पिंपळे सौदागर, रविवार

कापड घ्यायला मीच तिला ओढून नेलं. बाईंनी युक्ती सांगितली होती: कापड उजेडापुढं धरायचं, उजेड आरपार दिसला तर ऊनही जाणार. दुकानात गेल्यावर पाच मिनिटांत प्रज्ञातली तपासनीस जागी झाली. ती एकेक स्कार्फ ताणून ट्यूबलाइटपुढं धरायची, डोळे बारीक करायची, "रिजेक्ट." पुढचा, "रिजेक्ट." दुकानदार म्हणाला, "मॅडम, रंग तरी बघा." ती म्हणाली, "रंगाचंच काम करते मी." सतरावा, गडद निळा, घट्ट विणीचा, पास झाला. हातमोजे आणि छत्रीही तशीच निवडली. पाच दिवसांत मी तिला पहिल्यांदा मजेत बघत होते.

रहाटणी फाटा, सोमवार

प्रज्ञाची सेकंड शिफ्ट सुरू झाली. माझी गाडी संध्याकाळची, म्हणून शालू आणि मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. लांब बाह्यांचा कुर्ता, मोजे, मान-गळा झाकून घेतलेला निळा स्कार्फ, वर छत्री. शालूचा चेहरा मी इतका निश्चिंत कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"किती बरं दिसतंय गं," ती म्हणाली. "आता असंच जात जा सगळीकडे. लग्नाकार्यातसुद्धा."

फाट्यावर एका हार्डवेअरच्या दुकानापुढं मोठी शेड आहे, तिच्या सावलीत आम्ही पोचलो. तिथं तिनं छत्री मिटली. स्कार्फ सोडला. एकेक बोट ओढून मोजे काढले. रस्ता वाहता होता, माणसं बघत जात होती. मग तिनं आईकडे बघितलं.

"आई, हे उन्हासाठी आहे. माणसांसाठी नाही."

शालूचं तोंड उतरलं. मी मधे पडणार होते, पण आवरलं. या घराला माझा एक सल्ला पुरेसा झाला होता. दोघी मायलेकी समोरासमोर उभ्या, आणि तेवढ्यात बस रस्त्याच्या पलीकडे येऊन थांबली. मधे वीसेक पावलं टळटळीत ऊन.

प्रज्ञा घाईनं मोजे चढवायला लागली. शालूनं तिच्या हातून छत्री घेतली, उघडली आणि तिचा उघडा हात आपल्या हातात घट्ट धरला. "राहू दे. चल, मी येते."

छत्री तिनं लेकीवर इतकी कलती धरली होती की ती स्वतः सगळी उन्हात होती. बसच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. शालूनं दारापर्यंत तो हात सोडला नाही, आणि पदराखाली घेतलाही नाही.